जपानी काराओके: चिठ्ठीत आलेल्या अक्षरावरून गाणं निवडायचंय, मदत करा

खडीसाखर

मंडळी, आमच्या ऑफिसची बोओनेन्काई, म्हणजे सरत्या वर्षाची पार्टी, जवळ आली आहे. जेवणाची काळजी नाही. धास्ती आहे ती नंतरच्या काराओकेची. आतापर्यंत मी कोपऱ्यात बसून खंजिरी वाजवण्यावर भागवत आले. यंदा आमच्या काचोंनी (सेक्शनचे साहेब) नवा नियम काढलाय. पिशवीत हिरागानाच्या (जपानी अक्षरांच्या) चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जे अक्षर येईल त्या अक्षरानं ज्याचं नाव सुरू होतं असं गाणं त्यानं म्हणायचं. सुटका नाही.

माझं जपानी एन-४ च्या (परीक्षेची खालून दुसरी पायरी) आसपास. हिरागाना-काताकाना सफाईदार वाचते, कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं) बघितली की दातखीळ बसते. गाणी येतात ती मोजकी, त्यातली निम्मी अॅनिमेची. कुठली अक्षरं अवघड? मशीनवर शोधायचं कसं? आणि चिठ्ठी बदलून मागितली तर वाईट दिसेल का?

कात्रजकर

अहो, या तर गाण्याच्या भेंड्या! आपण जन्मापासून हेच करत आलोय. कोकण रेल्वेत रत्नागिरी ते मडगाव 'ठ'वर अडकून बसणारी माणसं आपण, जपान्यांना काय घाबरायचं?

ओसाका_काकू

कात्रजकर, दिसतं तसं नाही ते. आपल्या भेंड्यांत मुखड्याचं पहिलं अक्षर चालतं, कारण आपल्याकडे मुखड्याची पहिली ओळ हेच गाण्याचं नाव. नाव विसरलात तरी गुणगुणलं की अक्षर सापडतं. जपानी गाण्याला स्वतंत्र नाव असतं, आणि ते पहिल्या ओळीत येईलच असं काही नाही. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' (१९७७) घ्या. नाव 'त्सु'चं, गाणं सुरू होतं तोक्योच्या उएनो स्टेशनातून सुटलेल्या रात्रीच्या गाडीपासून. म्हणजे भेंड्यांच्या हिशोबानं ते 'उ'चं झालं. तुम्ही 'उ'च्या चिठ्ठीवर ते म्हणायला उठलात तर सगळे हसतील, आणि मशीनवर 'उ'खाली शोधत बसलात तर सापडायचंही नाही.

याउलट साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुकोओ' (१९६१). तिथे नाव आणि पहिली ओळ एकच, आपल्यासारखं. हेच गाणं १९६३ मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं ते 'सुकियाकी' या नावानं. गाण्याचा आणि त्या मांसाच्या रश्श्याचा काडीचा संबंध नाही. जपानी मशीनवर ते 'उ'खालीच बघायचं.

खडीसाखर, या गाण्यावर बोट ठेव. 'उ' आलं तर डोळे मिटून हे. चाल सोपी, सगळ्यांना पाठ, मधली शीळ कोणीतरी दुसरा वाजवतोच.

नागोया_रिटर्न

धागा वाचून जुने दिवस आठवले. नव्वदच्या दशकात कंपनीनं आम्हाला नागोयाला धाडलं होतं. तेव्हा हातात टॅबलेट वगैरे नव्हता. टेबलावर टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाडजूड पुस्तकं असत. एक गाण्यांच्या नावांनुसार लावलेलं, दुसरं गायकांच्या नावांनुसार. दोन्ही आ-इ-उ-ए-ओ क्रमानं. प्रत्येक ओळीत गाण्याचं नाव, गायक, नंबर, आणि बहुतेक वेळा गाणं कुठल्या शब्दांनी सुरू होतं तेही छापलेलं. तो नंबर रिमोटवर दाबायचा. नवीन गाण्यांच्या पातळ पुरवण्या वेगळ्या येत आणि त्या नेमक्या शेजारच्या खोलीत गेलेल्या असत.

लेझर डिस्कचा जमाना तेव्हा मावळत होता. १९९२ पासून टेलिफोनच्या तारेवरून गाणी उतरवून घेणारी मशीनं आली. त्यातलं जॉयसाऊंड हे नागोयाच्या कंपनीचं, त्यामुळे तिथल्या लोकांना त्याचा भारी अभिमान.

सांगायचा मुद्दा असा, की पहिल्या अक्षरावरून गाणं शोधणं ही तुमच्या काचोंची कल्पना नव्हे. एक पिढीच्या पिढी त्या पुस्तकाची पानं उलटत गाणं निवडायची. 'का'च्या पानावर 'कावा नो नागारे नो योओ नि' शोधायला गेलं की वाटेत आणखी चार गाणी भेटत. मिसोरा हिबारीचं ते गाणं १९८९ च्या जानेवारीत आलं, त्याच वर्षी जूनमध्ये ती गेली. आमच्या कारखान्यातले फोरमन ते म्हणायला लागले की कोणी ग्लाससुद्धा वाजवत नसे.

खडीसाखर

काका, प्रतिसाद आवडला. काकू, 'उ' नक्की. पण आमच्या इथे डॅम या ब्रँडचं मशीन आहे आणि तो टॅबलेट बघूनच मला घाम फुटतो.

ओसाका_काकू

त्याला देनमोकु म्हणतात, 'इलेक्ट्रॉनिक अनुक्रमणिका' याचं लघुरूप. जॉयसाऊंडवाल्याचं नाव क्योकुनावी. दोन्हीकडे पद्धत तीच. पडद्यावर 'गाण्याचं नाव' आणि 'गायकाचं नाव' असे मोठे चौकोन दिसतील. गाण्याच्या नावावर टिचकी मार, काना अक्षरांचा (हिरागाना-काताकाना) कळफलक उघडेल. उभ्या ओळी आ, का, सा, ता... अशा उजवीकडून डावीकडे लावलेल्या असतात, त्यामुळे सुरुवातीला डोळे उलटे पळवावे लागतात. एक अक्षर दाबलंस की तेवढ्यानं सुरू होणारी गाणी निघतात, दोन दाबलीस की यादी आटते. कांजी कुठेच लिहावी लागत नाही. आणि गाणं लागल्यावर पडद्यावरच्या कांजीच्या डोक्यावर बारीक काना असतो, त्यामुळे वाचायचीही भीती नाही.

खरी मेख अशी आहे की यादी उच्चारावर लागते, लिपीवर नाही. यामागुची मोमोएचं १९७७ चं गाणं आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी आईजवळ बसलेल्या मुलीचं. नावात दोन कांजी, 'शरद' आणि 'चेरी'. तू शब्दकोश घेऊन 'आकी', 'साकुरा' करत 'आ'खाली जाशील. पण त्याचा उच्चार 'कोसुमोसु', कॉसमॉसचं फूल. म्हणजे ते 'को'चं गाणं.

आकड्यांचंही तसंच. नावाच्या सुरुवातीला एक तृतीयांश लिहिलेलं एक गाणं आहे, सियाम शेड या बँडचं, १९९७ चं. डोळ्यांना आधी १ दिसतो, पण जपानीत छेद आधी बोलतात, 'सान्बुन नो इचि'. म्हणजे 'सा'. रेमिओरोमेनचं 'सान्गात्सु कोकोनोका' (म्हणजे ९ मार्च) आणि एचवायचं ३६६ दिवसांवरचं, तीही 'सा'चीच. 'सा' आलं तर चैन आहे.

इंग्रजी नावंही तशीच काना अक्षरांत बदलून बसवलेली. योनेझु केन्शीचं 'लेमन' (२०१८) रोमन अक्षरांत छापलेलं असलं तरी मिळतं ते 'रे'खाली. प्रिन्सेस प्रिन्सेसचं नुसतं 'एम' नावाचं गाणं 'ए'खाली.

रोखठोक

मला हे सगळं पोरकट वाटतं. माणसानं आवडतं गाणं म्हणावं. चिठ्ठीत 'नु' आलं म्हणून कुठलं तरी न ऐकलेलं रडगाणं म्हणण्यात कसला आनंद? काराओके स्वतःसाठी असतो.

कात्रजकर

रोखठोक, तुम्ही 'हितोकारा'वाले दिसता. एकट्यानं खोली घेऊन गाणारे. तेही जोरात आहे तिकडे, मान्य. पण ऑफिसच्या टोळक्यात 'आवडतं गाणं' म्हटलं की काय होतं माहितीये? प्रत्येकजण आपलं ओहाको, म्हणजे हातखंडा गाणं, घेऊन बसतो. बुचो (डिपार्टमेंटचे मोठे साहेब) दर वर्षी तेच एन्का (जुन्या ढंगाचं हळवं गाणं) गातात, ज्युनियर पोरगी दर वर्षी तेच आयडॉलचं. नवीन माणसानं चुकून बुचोंचं गाणं लावलं तर खोलीत एकदम शांतता. अक्षराचा नियम आला की ही उतरंड मोडते. बुचोंना 'हे' येतं आणि त्यांना एकेबी फोर्टीएटचं 'हेबी रोतेशोन' म्हणावं लागतं. मी बघितलंय, टाय डोक्याला बांधून म्हणतात.

अशा अटींना तिकडे 'शिबारी' म्हणतात. एकाच गायकाची शिबारी, एकाच दशकाची, नावात रंग असलेल्या गाण्यांची. अक्षराची त्यातलीच एक.

व्याकरणवेडी

थोडं अवांतर, पण धाग्याच्या कामाचं.

कानाचा तक्ता मोठ्यानं म्हणून बघा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपली मुळाक्षरं: क, च, ट, त... न, प... म, य, र, ल, व. 'सा'च्या जागी 'च' धरा (जुन्या जपानीत त्या ओळीचा उच्चार बहुधा च-त्स च्या जवळचा होता) आणि 'हा'च्या जागी 'प' (तो तर नक्की पूर्वी 'प' होता), की दोन्ही क्रम एकमेकांवर चपखल बसतात. हा योगायोग नाही. सिद्धम् लिपीतले संस्कृत मंत्र शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंनी आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर जपानी ध्वनी मांडले. कोबो दाइशी ऊर्फ कुकाई ८०६ मध्ये चीनमधून परतला तो हे मंत्र घेऊनच. तेव्हा देनमोकुवर गाणं कुठे असेल याचा अंदाज मराठी माणसाला जन्मजात असतो. चिनी किंवा अमेरिकन सहकाऱ्याला 'मा'ची ओळ 'हा'च्या पुढे का, हे घोकावं लागतं.

दुसरं, 'रा'च्या ओळीबद्दल. अस्सल जपानी शब्द 'र'नं सुरू होत नाहीत. जे होतात ते चिनीतून आलेले किंवा पाश्चात्त्य. म्हणून शिरितोरीत (शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, हुबेहूब आपल्या भेंड्या) पक्का खेळाडू समोरच्याला मुद्दाम 'रु'वर नेऊन सोडतो. या डावपेचाला 'रुझेमे' असं नावच आहे, 'रु'चा हल्ला. आपल्याकडे 'ठ'वर आणून सोडतात तसं.

पण परदेशी माणसासाठी चित्र उलटं. 'रा' ओळीतली नावं बहुतेक काताकानात, म्हणजे वाचायला सोपी. जपानी सहकारी ज्या चिठ्ठीला टरकतात तीच खडीसाखरेनं देवाकडे मागावी असं माझं मत.

खडीसाखर

ताई, दंडवत! मुळाक्षरांचं हे कोणी शिकवलंच नाही. क्लासमध्ये 'पाठ करा' एवढंच सांगितलं.

मग 'रा' ओळीची यादी द्या ना कोणीतरी.

ओसाका_काकू

यादी देते, पण नाव सोपं म्हणून गाणं सोपं असं समजू नकोस.

'रा': ओदा काझुमासाचं 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि', १९९१. सुरुवातीची गिटार वाजली की चाळिशीच्या पुढचे सगळे सरसावून बसतात. पण सूर वरचा आहे, पट्टी खाली घे. पट्टी बदलायची सोय देनमोकुवर समोरच असते, अधिक-उणे.

'रि': ब्लू हार्ट्सचं 'रिंदा रिंदा', १९८७. सुरुवातीच्या संथ ओळी नीट म्हण, मग नुसतं उड्या मारत ओरडायचं. सूर लागला नाही तर उलट बरं दिसतं. जुनी माणसं असतील तर 'रिंगो नो उता', युद्ध संपल्यावरचं पहिलं गाजलेलं गाणं, सफरचंदाचं. संथ आहे, शब्द सोपे आहेत.

'रु': सगळे इथेच घाबरतात, आणि इथे दोन हुकमी पत्ते आहेत. तेराओ आकिराचं 'रुबी नो युबिवा', १९८१ चा रेकॉर्ड पुरस्कार मिळालेलं. जवळजवळ बोलल्यासारखं म्हणायचं, खालच्या सुरात. बायकांना पट्टी चढवावी लागते. दुसरं युमिंगचं 'रूजु नो देन्गोन', १९७५. मियाझाकींच्या त्या छोट्या चेटकिणीच्या सिनेमात सुरुवातीला वाजतं, त्यामुळे विशीतल्या पोरांनाही येतं. मी तुझ्या जागी असते तर हेच पाठ केलं असतं.

'रे': लेमन आहेच. पण सगळ्यांना येतं म्हणूनच चुका लगेच कळतात, आणि मध्ये एकदम वर उडी आहे.

'रो': स्पिट्झचं 'रोबिन्सोन', १९९५. अंतऱ्यात सोपं, पुढे गायक आभाळात जातो. हिरोसे कोओमीचं 'रोमान्सु नो कामिसामा' मागू नकोस. ते फक्त तिलाच येतं.

लांबउडी

मी योकोहामात असतो. एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: 'फा'चं काय? उताडाचं 'फर्स्ट लव्ह' (१९९९) चिठ्ठी 'फु' आल्यावर चालतं का? काना अक्षरांत लिहिताना 'फु' आणि त्याला बारीक 'आ' जोडतात, म्हणजे देनमोकुवर ते 'फु'खालीच. पण ऐकताना तर 'फा'. आमच्याकडे यावरून अर्धा तास वाद. शेवटी ठरलं की छापील पहिला काना ग्राह्य.

तसंच टिंबं-टिकल्यांचं. 'सा'च्या चिठ्ठीवर 'झान्कोकु ना तेन्शी नो तेझे' चालावं का? ते 'झा'चं आहे, म्हणजे 'सा'ला दोन टिकल्या. आम्ही टिकल्या माफ केल्या, नाहीतर अर्धी अॅनिमे गाणी बाहेर जातात. 'फु'वर 'प्रिटेन्डर' हवं असेल तर गोलही ('फु'ला बारीक गोल दिला की 'पु') माफ करावा लागतो. आणि 'न्' ची चिठ्ठी पिशवीत टाकूच नका. ती कोणाला आली तर रात्र तिथेच संपेल.

रोखठोक

टिकल्या माफ, गोल माफ, मग अट उरली कुठे?

लांबउडी

आपल्या भेंड्यांत 'ण' आला की 'न' आणि 'ळ' आला की 'ल' चालतो, तेव्हा नाही कोणी विचारत.

खडीसाखर

'त्सु' आलं तर? आमच्या बुचोंचं ओहाको तेच त्सुगारुवालं आहे. कात्रजकरांचा प्रतिसाद वाचून आता जास्तच धास्ती वाटतेय.

कात्रजकर

सदर्न ऑल स्टार्सचं 'त्सुनामी' म्हण की, २००० चं. सुपरहिट.

ओसाका_काकू

कात्रजकर, जरा थांबा. गाणं प्रेमाचं आहे, लाटेचा उल्लेख उपमेपुरता, आणि २०११ च्या अकरा वर्षं आधीचं. पण त्या त्सुनामीनंतर रेडिओ-टीव्हीवाल्यांनीही ते लावायला बरीच वर्षं हात आखडता घेतला. लोक म्हणतात, नाही असं नाही. पण टीममध्ये मियागी किंवा इवाते या त्सुनामीग्रस्त भागांतलं कोणी असेल तर नव्या माणसानं ते निवडू नये. घरचं कोण गेलंय, आपल्याला काय ठाऊक.

'त्सु'साठी 'त्सुबासा ओ कुदासाई' घे, 'मला पंख द्या'. १९७१ चं, तिथल्या शाळांतून शिकवतात. ठेका संथ, शब्द एन-४ लाही कळतील असे, आणि दुसऱ्या कडव्यापासून सगळी खोली तुझ्याबरोबर म्हणते. बुचोंचं गाणं बुचोंना राहिलं.

चिठ्ठी बदलून मागायचं विचारलं होतंस. एकदा मागितलीस तर कोणी काही म्हणणार नाही. पण त्यापेक्षा शेजारच्याला 'इश्शो नि' (बरोबर) म्हणून ओढ. दुसरा माइक असतोच, आणि त्यालाही बरं वाटतं.

व्याकरणवेडी

काकूंशी सहमत. आणि 'वा' आलं तर मोरिताका चिसातोचं 'वाताशी गा ओबासान नि नात्ते मो' (१९९२). मी काकूबाई झाले तरी मला पोहायला नेशील ना, अशा अर्थाचं. ऑफिसात हशा पिकतो, तालही सोपा.

'मु'साठी ग्रेपचं 'मुएनझाका' आहे, पण फारच हळवं. पार्टीत नको.

नागोया_रिटर्न

पुणेकरांसाठी एक माहिती. सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केली आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण काराओके बॉक्स, म्हणजे बारमध्ये अनोळखी लोकांसमोर न गाता आपल्यापुरती खोली घ्यायची पद्धत, तीही त्याच ओकायामाची. १९८५ च्या सुमारास तिथे रस्त्याकडेला मालवाहतुकीचा जुना कंटेनर ठेवून आत मशीन बसवलं होतं. बागेत फेरी मारताना सांगा कोणाला, पोरं ऐकतात.

हापूसप्रेमी

वाचनखूण साठवली. आम्ही इथे पुण्यात जपानीच्या बॅचबरोबर हाच खेळ केला, मशीनशिवाय, मोबाईलवर गाणी लावून. फक्त चिठ्ठ्यांऐवजी शिरितोरी केली, मागच्या गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर. अडकलो ते 'चेरी'वर (स्पिट्झ, १९९६). शेवटी लांब रेघ आहे. पुढचं गाणं 'रि'चं की 'इ'चं?

नागोया_रिटर्न

दोन्ही पद्धती आहेत. रेघ सोडून देणारे 'रि' घेतात, रेघेचा स्वर धरणारे 'इ'. आधी ठरवलं नसेल तर ज्यानं खोलीचे पैसे दिलेत त्याचं ऐकायचं. 'इ'वर नाकाजिमा मियुकीचं 'इतो' मिळतं, 'रि'वर वरची यादी आहेच, त्यामुळे कोणाचं फार नुकसान नाही.

खडीसाखर

'रूजु नो देन्गोन' आजपासून रोज लोकलमध्ये ऐकतेय. 'नु'चं मात्र कोणीच सांगितलं नाही.

ओसाका_काकू

'नु'ला देनमोकुवर 'नुरे' एवढं दाब. 'भिजलेलं' काहीतरी असं नाव असलेली एन्का गाणी येतील, पावसातली आणि डोळ्यांतल्या पाण्याची. त्यातलं बुचोंना कुठलं येतं ते विचार आणि माइक त्यांच्या हातात दे.